कर्णा, खोकं आणि टॉवर

तर झालं असं, की दिवाळीच्या आधी बोनस जमा झाला आणि मी जाहीर करून टाकलं की यंदा टॉवर स्पीकर घ्यायचेच. कंबरेच्या वर येणारे, लाकडी, प्रत्येकात चार-चार गोल असलेले. कॉलेजात असताना एका मित्राच्या काकांकडे तसले पाहिले होते तेव्हापासूनची इच्छा. सिनेमाही त्यावरच आणि गाणंही त्यावरच.

मग काय, पेशाला जागून एक्सेल शीट उघडलं. सतरा मॉडेलं, बावीस रकाने. वॅट, ओहम, डेसिबल, वजन, किंमत. दोन महिने शनिवार-रविवार त्यातच गेले. बायकोने शीट एकदा बघितलं आणि म्हणाली, "यात बाबांचा रकाना कुठाय?"

बाबा गेल्या वर्षीपासून आमच्याकडे राहतात. वय ७८. घरात गाणं खऱ्या अर्थाने ऐकणारा माणूस तोच एक. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, सकाळी रेडिओ. पण अलीकडे त्यांचा टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जायला लागला आहे. तरी संवाद कळत नाहीत. कानाचं मशीन दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं, ते कपाटाच्या खणात पडून आहे. "नुसता गोंगाट होतो," हे त्यांचं म्हणणं.

मला वाटलं, बरोबर आहे, टीव्हीचे स्पीकर टिनपाट. टॉवर आले की बाबांनाही ऐकू येईल. एका दगडात दोन पक्षी.

पण आपल्या धंद्यात एक खोड लागते. कुणीही रिक्वायरमेंट सांगितली की आधी विचारायचं, मूळ प्रॉब्लेम काय होता? म्हणून शीट बंद केलं आणि हे टॉवर नावाचं प्रकरण मुळात कुणी, कशासाठी काढलं ते वाचत बसलो. त्यातून हाती आलं ते इथे लिहितोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी कर्णा होता

स्पीकरचा पहिला आकार म्हणजे कर्णा. कारण सोपं आहे. छोटासा पडदा हलवला तर तो हवेला नीट ढकलूच शकत नाही. वाऱ्यावर हात हलवल्यासारखं होतं, जोर वाया जातो. कर्णा हा सायकलच्या गिअरसारखा. अरुंद तोंडाशी थोड्या हवेवर खूप दाब, रुंद तोंडाशी खूप हवेवर थोडा दाब. एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफला वीज नव्हतीच, तिथे कर्ण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

विजेचा कर्णा लोकांपुढे आणला पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या जोडीने. कॅलिफोर्नियात नापा नावाच्या गावी त्यांची कार्यशाळा होती. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं ठेवायचं, त्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह सोडायचा, वेटोळं हलतं, त्याला जोडलेला पडदा हलतो. (ही कल्पना ऑलिव्हर लॉजने १८९८ मध्येच पेटंट केली होती. पण प्रवाह वाढवणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. कल्पना वेळेच्या आधी आली की असं होतं.) १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर हजारो लोकांना गाणी आणि भाषणं ऐकवली. १९१९ मध्ये सॅन डिएगोला अध्यक्ष विल्सन यांनी त्यांच्याच कर्ण्यांतून सुमारे ५० हजार लोकांपुढे भाषण केलं. त्यांच्या कंपनीचं नाव मॅग्नाव्हॉक्स, लॅटिनमध्ये 'थोर आवाज'.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या गणपतीतला कर्णा!" अगदी तोच. मंडळाच्या मांडवाच्या बांबूला बांधलेला, अर्ध्या गावाला ऐकू जाणारा आणि कुणालाही शब्द न कळणारा. तो गाण्यासाठी केलेलाच नव्हता, लांबवर पोचण्यासाठी केला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कर्णा गेला, कोन आला

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी एक निबंध वाचला, विषय 'बिनकर्ण्याचा लाउडस्पीकर'. कागदाचा कोन, मागे वेटोळं, आणि कोन कडेला सैल बसवलेला. सैल अशासाठी, की कोनाचा स्वतःचा नैसर्गिक कंप ऐकायच्या पट्टीच्या खाली जावा, म्हणजे तो मध्येच एखादा सूर धरून बोंबलत नाही. आज तुमच्या लॅपटॉपपासून सिनेमागृहापर्यंत जे बहुतेक स्पीकर आहेत ते याच निबंधाचे वंशज. शंभर वर्षं झाली, आणि मूळ आर्किटेक्चर तेच आहे! आमच्याकडे पाच वर्षांचा कोड 'लेगसी' म्हणून हिणवतात.

त्यावरून १९२६ मध्ये आरसीएचा रेडिओला १०४ नावाचा स्पीकर बाजारात आला. त्यातल्या अॅम्प्लिफायरची ताकद होती १ वॅट. हो, एक.

पण कोनाने नवा प्रश्न आणला. कोन पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या सुरांत या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना खाऊन टाकतात. खर्ज गायब. उपाय म्हणजे मागची लाट कोंडायची किंवा कामाला लावायची. तिथून पुढचा सगळा इतिहास हा कोनापेक्षा खोक्याचा जास्त आहे. बेल लॅबच्या अल्बर्ट थुरासने १९३२ मध्ये पेटंट मिळवलं ते खोक्याला मोजून-मापून भोक पाडण्याचं, म्हणजे मागची लाट उलटी होऊन पुढच्या लाटेला मदत करेल. आजच्या बहुतेक टॉवरांच्या मागे किंवा खाली जे नळीचं भोक दिसतं (आमची मनी तिथे नाक घालून आली) ते थुरास साहेबांचं.

मधल्या काळात बोलपट आला होता. आपल्याकडे 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. हजार माणसांचं थिएटर आणि हातात मोजके वॅट, म्हणून तिथे कर्णेच राहिले, पडद्यामागे, कपाटाएवढे. घरातही तेच. पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये आणलेला क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यात बसायचा आणि कोपऱ्याच्या दोन भिंतींनाच कर्ण्याचा उरलेला भाग म्हणून वापरायचा. वॅट महाग होते तोवर स्पीकर मोठे असणं भाग होतं.

तीनपैकी दोन

मग १९५४ साली एडगर विल्चर आले. न्यूयॉर्कमध्ये शिकवायचे. त्यांनी थुरासच्या उलट केलं, खोकं हवाबंद करून टाकलं. कोन खूपच सैल ठेवला आणि त्याला परत जागेवर आणायचं काम कोंडलेल्या हवेला दिलं. हवेची स्प्रिंग धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी सरळ वागते. हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. जेमतेम दोन फुटांचं खोकं, आणि खर्ज कपाटांना लाजवेल असा. त्यांनी १९५८ मध्ये एआर-३ आणला, त्यात वरच्या सुरांसाठी छोटा घुमटासारखा ट्वीटर होता. तोही आज सगळीकडे आहे.

त्यांची जाहिरातही झकास होती. स्टेजवर फाइन आर्ट्स क्वार्टेट वाजवतंय, मधूनच वादक नुसता अभिनय करायचे आणि आवाज स्पीकरमधून यायचा. बदल कुठे झाला हे श्रोत्यांना सांगता येत नसे.

फुकट काहीच नसतं. या छोट्या खोक्याला वॅट भरपूर लागायचे. क्लॉसचा पुढचा भागीदार अँटन हॉफमन याच्या नावाने ओळखला जाणारा एक 'लोखंडी नियम' आहे: लहान खोकं, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी कुठलेही दोन निवडा. लवकर, स्वस्त आणि चांगलं यातले दोनच मिळतील असं आपण क्लायंटला सांगतो ना, अगदी तेच. कुठलाही स्पीकर हातात घ्या, हॉफमनला कुठे पैसे मोजलेत ते शोधा, अर्धी निवड झाली.

दोन की तीन?

अॅलन ब्लुमलाइन हा इंग्रज इंजिनिअर बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडूनच, हे त्याला खटकलं अशी गोष्ट सांगतात. १९३१ च्या डिसेंबरात त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. दीड वर्षात, २७ एप्रिल १९३३ ला, बेल लॅबने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. आणि गंमत ऐका, त्यांनी वाहिन्या दोन नाही, तीन वापरल्या होत्या. डावी, मधली, उजवी. मोठ्या सभागृहात मधली नसली तर कडेला बसलेल्याला सगळं कार्यक्रमच त्याच्या बाजूच्या स्पीकरमधून येतो.

मग घरात दोनच का आल्या? कारण रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोन! १९५८ पासून स्टिरिओ रेकॉर्डी घरोघर जाऊ लागल्या, एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. सुईची सोय होती म्हणून जगाने दोन कान, दोन स्पीकर हेच तत्त्वज्ञान मानलं. (फॉरमॅटची मर्यादा पुढे जाऊन परंपरा होते, हे आपल्याला नवीन नाही.)

आणि इथे टॉवर जन्माला येण्याची कारणं जुळतात. एकाऐवजी दोन खोकी ठेवायची तर बैठकीच्या खोलीत जागा कुठली? शिवाय आवाजाचं चित्र नीट उभं राहायला पुढचा भाग अरुंद बरा, आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून तीनेक फुटांवर हवा. खर्जाला मात्र लिटर लागतातच. अरुंदही हवं, लिटरही हवेत, मग जायचं कुठे? वर. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. पाऊल तेवढंच, मजले वाढवा. एका मोठ्या कोनाऐवजी दोन-तीन लहान कोन एकाखाली एक लावा. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये भोकवाल्या खोक्याचं गणित मांडलं होतं. १९७१ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. पाठोपाठ रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्ण केलं. त्यानंतर असलं खोकं अंदाजाने नाही, कोष्टकाने करता येऊ लागलं.

थोडक्यात, टॉवर हे 'दोन वाहिन्यांवर संगीत, सबवूफरशिवाय, कमी जागेत' या प्रश्नाचं उत्तर आहे. चांगलं उत्तर आहे. पण माझा प्रश्न तोच होता का?

वॅटचा बाजार

माझ्या शीटमधला सगळ्यात ठळक रकाना वॅटचा होता, म्हणून थोडं त्याबद्दल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे '१००० वॅट पीएमपीओ' लिहिलेले डबे मिळायचे ते आठवतात? आतला ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा. इस्त्रीएवढी वीज ओढून तो डबा वितळला कसा नाही, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. अमेरिकेत हीच फेकाफेक आधीच होऊन गेली होती. तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ मध्ये नियमच केला, की घरगुती अॅम्प्लिफायरची ताकद सांगायची तर अखंड किती, कुठल्या पट्टीत, किती विकृतीसह ते सांगा.

आणि आकडा खरा असला तरी? दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल जास्त. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ५० आणि १०० वॅटमधला फरक जेमतेम जाणवतो. मी त्यासाठी वीस हजार जास्त मोजायला निघालो होतो.

अमर बोस यांचं उदाहरण मला फार धीर देऊन गेलं. वडील बंगालमधले, इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून अमेरिकेत गेलेले. मुलगा १९५६ मध्ये एमआयटीत संशोधन करत असताना आकडेवारी बघून स्टिरिओ विकत घेतो, घरी आणतो, लावतो आणि हिरमुसतो. आकडे उत्तम, आवाज वाईट. त्या हिरमुसण्यातून पुढची सगळी कंपनी. म्हणजे रकाने बघून फसणारा मी पहिला इंजिनिअर नाही :-)

होम थिएटर आल्यावर

१९८२ मध्ये डॉल्बी सराउंड घरात आलं, १९८७ मध्ये प्रो लॉजिक. प्रो लॉजिकने १९३३ ची ती मधली वाहिनी घरात परत आणली. सिनेमातले बहुतेक संवाद या मधल्या स्पीकरमधून येतात. आणि खालचे सूर, साधारण ८० हर्ट्झच्या खालचे, सबवूफरकडे वळवायची पद्धत पडली, कारण इतका खाली सूर कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही.

आता हे माझ्या यादीला लावून बघा. सिनेमात संवाद मधल्या स्पीकरचे, खर्ज सबवूफरचा. मग माझ्या दोन उंच टॉवरांना काम काय? बाजूचं संगीत, गाड्या आणि पाऊस! बाबांना शब्द कळत नाहीत म्हणून मी पैसे ओतणार होतो नेमक्या त्या दोन खोक्यांत, ज्यांतून शब्द येतच नाहीत.

वर आमचा हॉल. लांबी १४ फूट. ध्वनी सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. १४ ची दुप्पट २८, ११२५ भागिले २८, म्हणजे ४० हर्ट्झ. त्या सुराला आमची खोली स्वतःच घुमते. मोठ्या टॉवरचा खर्ज भिंतीला चिकटवून ठेवला की डग्ग्याचा प्रत्येक घिस्सा पाण्याच्या पिंपासारखा वाजणार. भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे ओढला तर बरं, पण मग दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात कोलांटी मारून जावं लागेल.

चादरीची परीक्षा

फ्लॉइड टूल हे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत, ऑटावाला होते. त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले आणि १९८५-८६ मध्ये निष्कर्ष छापले. कोणता स्पीकर आहे हे दिसत नसेल तर बहुतेक लोकांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी जुळते. पुढे ते हरमन कंपनीत गेले. १९९४ मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तिथल्याच ४० जणांना चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा उघड, एकदा पडद्याआडून. उघड ऐकताना मोठ्या, देखण्या खोक्यांना जास्त गुण आणि छोट्या संचाला कमी. पडदा लावल्यावर ती दरी बुजली. ऐकणारे आवाजाच्या धंद्यातलेच होते, हे विशेष.

म्हटलं, आपणही करू. ओळखीच्या दुकानदाराने अनामत घेऊन टॉवरची जोडी आणि स्टँडवरची लहान जोडी, सबवूफरसह, दोन दिवस घरी दिली. दोरीवर सोलापुरी चादर टाकली, पण पहिल्याच मिनिटाला लक्षात आलं की ती आवाजच गिळतेय. मग बायकोची जुनी जॉर्जेटची साडी. आवाज दोन्हीचा सारखा मोजून ठेवला, कारण जो जरा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, ही युक्ती दुकानात सर्रास चालते. बायको साडीमागे तारा बदलायची, मी आणि बाबा कागदावर लिहायचो.

आठ फेऱ्या झाल्या. 'हा नक्की टॉवर' असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं, त्यातले पाच लहान स्पीकर निघाले. आता बोला! एका घरातली, एका बैठकीतली आठ फेऱ्यांची परीक्षा म्हणजे काही शास्त्र नव्हे, मोठ्या खोलीत टॉवर खुशाल जिंकतील. पण आमच्या १४ फुटांत माझी वीस वर्षांची इच्छा साडीच्या पडद्याआड हरली होती.

बाबांचा कागद मात्र जवळजवळ कोरा. एवढंच लिहिलं होतं: 'दोन्ही सारखे. तानपुरा लावलाच नाहीये का?'

तानपुरा सगळ्या आठ फेऱ्यांत वाजत होता.

मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "अरे, आवाज मोठा नकोय मला. आवाज येतो. शब्द येत नाहीत. काल तू साठ म्हणालास की पाठ, मला कळलंच नाही."

वयाबरोबर कान आधी वरचे सूर गमावतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीत, ती जातात. टीव्हीचा आवाज वाढवला की वाढतो तो स्वरांचा गोंगाट. गणपतीतला कर्णाच तो, लांबवर पोचतो, शब्द कळत नाहीत. दुसरी अडचण आणखी वाईट. बारीक आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली जागा आक्रसते. म्हणून सरसकट आवाज वाढवणारं यंत्र नकोसं होतं.

आणि हे वाचता वाचता पुन्हा तेच नाव समोर आलं. एडगर विल्चर! १९६७ मध्ये त्यांनी कंपनी विकली आणि श्रवणयंत्रांवर काम सुरू केलं. निरोगी कानाच्या माणसाला कळावं म्हणून अशा कानाला कसं ऐकू येतं त्याची नक्कलही त्यांनी तयार केली. १९७३ मध्ये त्यांनी मांडलं, की आवाजाचे पट्टे वेगळे करा आणि प्रत्येक पट्ट्यात बारीक आवाज जास्त, मोठा आवाज कमी वाढवा, त्या माणसाच्या कानाला मापून. त्यांनी याचं पेटंट घेतलं नाही, कुणीही वापरा म्हणून मोकळं सोडलं. आजची बहुतेक श्रवणयंत्रं याच तत्त्वावर चालतात. ओपन सोर्स हा शब्द जन्मायच्या आधीची गोष्ट आहे ही. विल्चर २०११ मध्ये गेले.

तर अखेरचा हिशेब असा. टॉवर परत गेले. लहान जोडी, सबवूफर आणि या दोन्हींपेक्षा जरा वरच्या दर्जाचा मधला स्पीकर घेतला. उरलेले पैसे घेऊन बाबांना श्रवणतज्ज्ञांकडे नेलं. खणातलं मशीन तसं वाईट नव्हतंच, ते घेतल्या दिवशी एकदा लावलं आणि पुन्हा कुणी मापून बघितलंच नव्हतं. नव्याने आलेख काढला, तीन खेपांत जुळवून घेतलं. हे मी दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं. बाबा तक्रार करत होते आणि मी 'सवय होईल' म्हणून तिकीट बंद करत होतो.

पहिले आठ दिवस बाबा वैतागले. कुकरची शिट्टी टोचते, पेपर उलटताना कागद किती वाजतो म्हणून कुरकुर. परवा सकाळी मात्र मन्सूरांचं गाणं लावलं होतं, मी ऑफिसच्या गडबडीत. आतून हाक आली, "अरे, हा तानपुरा जरा उतरलाय का रे?"

उतरला नव्हता. पण मी म्हटलं, असेल बाबा, आणि पाच मिनिटं तिथेच बसलो.

असो. ते एक्सेल शीट कुणाला हवं असेल तर खुशाल न्या. बावीस रकाने आहेत, तेविसावा तुमचा तुम्ही घाला.